आज्जीचा उतारा कुठल्या भाषेत?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर बोलायला बसलं की आपण आकड्यांपासून सुरुवात करतो. महाराष्ट्रानं मागितलेली ८१४ गावं, आता ८६५ म्हणतात ती. १९६६ ला नेमलेला महाजन आयोग आणि १९६७ चा त्याचा अहवाल. त्यात महाराष्ट्राला द्यावीत म्हटलेली २६४ गावं, कर्नाटकाला द्यावीत म्हटलेली २४७. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला दावा. बेळगाव भागात वाढलेल्या कुठल्याही मराठी पोरीला हे पाठ असतं, तसं मलाही आहे. पण गावांचा हिशेब मांडता मांडता त्या गावांत जन्म काढलेल्या म्हाताऱ्या बायांना कुणी फारसं विचारलेलं मला आढळलं नाही, की बाई, या हद्दीपायी तुझं नेमकं काय अडलं?

हद्द कुठं असावी याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर सीमाभागातल्या माणसाला त्याच्या जमिनीचा, औषधाचा, पेन्शनचा कागद त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ही मागणी मूळ मागणीपेक्षा दुय्यम आहे असं आपल्याकडे समजलं जातं. मला ती तिच्याही आधीची वाटते. असं का वाटतं ते आज्जीच्या आयुष्याशिवाय सांगता येणार नाही.

आज्जीचं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगाव तालुक्यातल्या बाचीच्या अलीकडचं. बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. दोन्हीकडे तीच तांबडी माती, तोच भात, तीच रताळी, देवीच्या यात्रेला तेच पाहुणे. जन्मसाल कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण लग्न १९५६ च्या वैशाखातलं, एवढं नक्की. त्या वेळी दोन्ही गावं मुंबई राज्यातल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं जुळली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, एक चंदगड तालुका वगळून. चंदगड मागं राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्या वर्षी दिवाळीही नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आली होती. आज्जी तारखा सांगत नाही. ती म्हणते, "लगीन झालं तवा हद्द नव्हती. पयल्या दिवाळीला म्हायेरला गेले, तवा होती."

त्याच एका वर्षात या देशात आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही तिच्यासारख्या बाईसाठी होत्या. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. नवऱ्यामागं त्याच्या हिश्श्यात बायको मुलांच्या बरोबरीनं वारस ठरली, आणि मिळालेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची झाली. दुसरी गोष्ट सातव्या घटनादुरुस्तीची. राज्यांच्या नव्या हद्दी याच दुरुस्तीनं घटनेत आल्या, आणि तिनंच ३५० क आणि ३५० ख ही कलमं घातली. भाषक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, आणि त्यांच्या संरक्षणाकडे लक्ष द्यायला राष्ट्रपतींनी खास अधिकारी नेमावा, असं ती सांगतात. हद्द आखणाऱ्यांना ठाऊक होतं की ती कशीही आखली तरी काही माणसं चुकीच्या बाजूला राहणारच. केंद्र सरकारनं त्याच साली काढलेल्या निवेदनात तर हेही होतं, की एखाद्या भागात १५ ते २० टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर सरकारी सूचना, मतदारयाद्या, रेशनकार्डं दोन्ही भाषांत छापलेली बरी. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषेचे लोक सुमारे १९ टक्के होते. नुसता बेळगाव किंवा खानापूर तालुका घेतला तर प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त भरतं.

म्हणजे जमिनीचा हक्क, भाषेचं संरक्षण आणि हद्द, ही तिन्ही एकाच सालची. आज्जीच्या दारापर्यंत त्यातली हद्द तेवढी पोचली.

आजोबा सीमालढ्यातल्या १९५८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. घरात ती गोष्ट अभिमानानं सांगितली जाते आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण भाताची कापणी तोंडावर असताना घरातला कर्ता पुरुष तुरुंगात गेला, तेव्हा ते भात कुणी कापलं, मळणी कुणी घातली, सावकाराला तोंड कुणी दिलं? आज्जीनं, अंगावर पिणारं पोर घेऊन. पुढं १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जूनच्या सुरुवातीला गोळीबार झाला, माणसं गेली, संचारबंदी लागली. त्या दिवसांबद्दल तिला विचारलं तर आधी ती गेलेल्या पोरांच्या आयांबद्दल बोलते. मग म्हणते, दूध नासलं. रोज पहाटे चरव्या घेऊन ती बेळगावात जायची, शहरातली गिऱ्हाईकं बांधलेली होती. त्या दुधावर घरातलं मीठमिरची, पोरांच्या वह्या, बाळंतपणं निघत. दूध नासलं हे वाक्य मला फार मोठं वाटतं. लढ्याची किंमत कुणी कशात मोजली हे त्यातून कळतं. ती किंमत तिनं कुरकुर न करता दिली, आणि कुठल्याही ठरावात तिची नोंद झाली नाही.

आज्जी शाळेत गेली नाही. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमागं जेमतेम ९ जणींना लिहितावाचता येत होतं, ती उरलेल्या ९१ मधली. पण कानानं ती चांगली शिकलेली आहे. बाजारातल्या लिंगायत व्यापाऱ्याशी कन्नड बोलते, दुधाच्या गिऱ्हाइकांकडं उर्दू-हिंदी उचललेली आहे, चंदगडी मराठीत कोकणीचा शिडकावा आहेच. शेजारच्या कन्नड घरात गेली की "बर्री, कूडरी", या, बसा, म्हणून तिला आत घेतात आणि तास तासभर सोडत नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला ती कन्नड बायांच्या जोडीनं गेली, पंढरपूरलाही गेली. कन्नड भाषेशी तिचं वाकडं कधीच नव्हतं. "सत्तर वर्षं कर्नाटकात राहून कन्नड शिकली नाहीत का?" असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा मला आज्जीला त्यांच्यासमोर बसवावंसं वाटतं. ती शिकली. बाजारात, शेतात, देवळात जेवढी भाषा लागते तेवढी सगळी शिकली.

अडलं ते कचेरीत. आजोबा नव्वदच्या दशकात गेले. वारसा लावायचा होता. नाडकचेरीच्या, म्हणजे इथल्या महसूल कचेरीच्या, फेऱ्या झाल्या, कागद तयार झाले, सगळे कन्नडात. ओळखीच्या एका माणसानं तिला तोंडी सांगितलं की यात तुमचं आणि पोरांचं नाव लावलंय, इथं अंगठा द्या. तिनं दिला. पुढं बऱ्याच वर्षांनी पीककर्जाच्या निमित्तानं उतारे काढले तेव्हा कळलं की ओढ्याकडच्या शेतावर तिचं नावच नाही. ज्यावर अंगठा दिला त्यात त्या शेताचा हक्कसोड होता, म्हणजे त्यावरचा हक्क तिनं सोडला असं लिहिलेलं. कुणी मुद्दाम केलं की घाईत झालं, हे आता सांगणं अवघड आहे, आणि माणसांचा हिशेब काढायचा माझा हेतूही नाही. मला दिसतं ते एवढंच, की ज्या शेतात तिनं रोप लावलं, चिखल तुडवला, १९५८ ला एकटीनं भात कापलं, ते शेत तिच्या हातून एका अशा कागदानं गेलं जो तिच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हता.

यावर मला नेहमी एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. बाई निरक्षर, मग कागद मराठीत असता तरी तिला काय कळलं असतं? तिला वाचता आलं नसतं, खरंच. पण माझी आई, म्हणजे तिची सून, मराठी शाळेत सातवी शिकलेली आहे. थोरला काका दहावी. कागद मराठीत असता तर तो घरी आणून, कंदिलाखाली नाही तर दिव्याखाली, दोनदा वाचून मग अंगठा द्यायचा की नाही ते ठरलं असतं. निरक्षर माणसाला वाचून दाखवणारा लागतोच. तो घरातला असावा की कचेरीच्या व्हरांड्यातला, हे कागदाच्या भाषेवर ठरतं. घरातला माणूस वाचून दाखवतो तेव्हा त्याचा फायदा आज्जीच्या फायद्यात असतो. व्हरांड्यातल्या माणसाचा कुठं असतो ते कुणी सांगावं! कागदाची भाषा बदलली की एका कुटुंबातली सगळी साक्षरता एका झटक्यात शून्य होते. आमच्या भागात हे पिढ्यान् पिढ्या घडलं आहे.

माहेरी हे झालं नाही. तिच्या भावांचा सातबारा मराठीत. धाकटी बहीण तिकडंच दिलेली, तीही अडाणीच. तिचा नवरा वारला तेव्हा तिच्या पोरानं तलाठ्याकडचा कागद स्वतः वाचला आणि आईचं नाव पहिलं लावून घेतलं. दोघी एका आईच्या, एकाच वयात लग्न झालेल्या, आणि दोघींच्या म्हातारपणात एका शेताचा फरक. सीमाप्रश्नानं काय केलं असं मला कुणी विचारलं तर मी नकाशा काढत नाही, या दोन बहिणींचं सांगते.

शेताखेरीज दुसऱ्या जागा आहेत. दवाखान्यातून घरी सोडताना मिळणारा कागद इंग्रजीत, खिडकीवरच्या पाट्या कन्नडात, आणि गोळी सकाळी की रात्री हे औषधाच्या दुकानातला पोरगा सांगेल ते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार तिला मिळतात आणि त्याचं तिला खरंच समाधान आहे. मात्र ते कधी बंद पडले, का बंद पडले, हे मोबाईलवर येणाऱ्या कन्नड निरोपातून घरात कुणाला नीट उलगडत नाही. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायांचंही असंच असावं असं वाटतं. मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा, आणि हजार विड्यांवर मजुरी. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. हा मोठा विजय होता. पण कामगार असणं शेवटी कार्डावर, भविष्यनिर्वाह निधीच्या चोपडीवर सिद्ध करावं लागतं, आणि तिथं पुन्हा वाचणाऱ्याची गरज.

अलीकडे मी आज्जीला सरळ विचारलं की तुला आता काय हवंय. महाराष्ट्र की कर्नाटक असं विचारलं नाही, मुद्दामच. तिनं एका दमात सांगितलं नाही. दोन-तीन दिवस आठवेल तसं सांगत राहिली. ओढ्याकडचं शेत पोरांकडंच आहे, पण उताऱ्यावर आपलं नाव बघायचंय. गावच्या मराठी शाळेत पोरं टिकली पाहिजेत, कारण पट कमी होतोय हे तिच्या कानावर आहे आणि ती शाळा बांधताना तिनं डोक्यावरनं माती वाहिली होती. माहेरची वाट बंद होऊ नये. यावर ती जास्त बोलली. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही राज्यांतल्या गाड्या फोडल्या गेल्या आणि बस थांबल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. माहेरच्या एका मयताला तिला वेळेत पोचता आलं नाही. महाराष्ट्राच्या एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, कर्नाटकच्या बसमध्ये बायांना २०२३ पासून तिकीट नाही. दोन्ही चांगल्या योजना, दोन्ही मुळात आपापल्या राज्यातल्या प्रवासासाठी. आज्जीचा प्रवास नेमका त्यांच्या मधला.

आता आपल्याच लोकांकडून येणारा आक्षेप घेते, कारण तो मला जास्त लागतो. कर्नाटक सरकारकडे मराठी कागद मागणं म्हणजे कर्नाटकात राहणं मान्य करणं, असं म्हणतात. हे सांगणाऱ्यांत तुरुंग भोगलेली माणसं आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही हे पटत नाही. न्यायालयातला दावा महाराष्ट्र सरकारचा आहे, तो आज्जीनं मराठीत उतारा मागितल्यानं कमकुवत होत नाही. उलट इतक्या वर्षांत आपण प्रत्येक मराठी कागदासाठी लेखी मागणी केली असती, नकार लेखी घेतला असता, तर आज आपल्या हातात नकारांचा ढीग असता आणि तो कुठल्याही भाषणापेक्षा बोलका ठरला असता. आणि निकाल उद्या आपल्या बाजूनं लागला तरी ज्यांची नावं उताऱ्यावरून गेली त्या बाया तोवर असतील का? १९५६ ला लग्न झालेल्या पोरी आज ऐंशीच्या पुढं आहेत. निकालाची वाट पाहणं हा त्यांच्यासाठी नकारच आहे.

कन्नड बाजूचं म्हणणं वेगळं आहे. राज्याची भाषा कन्नड, १९६३ पासून तसा कायदा आहे, मग कारभार कन्नडातच चालणार. कारभार कन्नडात चालावा, त्याबद्दल तक्रार नाही. कन्नडासोबत मराठी द्या, एवढंच म्हणणं आहे. कन्नड माणसाला हे दुःख समजायला अवघड जाऊ नये, कारण ते त्यानं आपल्याही आधी सोसलं आहे. मुंबई इलाख्यात असताना धारवाड-बेळगाव भागात शाळांवर आणि कचेऱ्यांवर मराठीची पकड होती. कन्नड मुलांना कन्नड शाळा मिळाव्यात म्हणून शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांना झटावं लागलं. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला त्यामागंही हीच वेदना होती. त्या वेळी त्यांची तक्रार न्याय्य होती, आणि आपल्या मराठी पूर्वजांपैकी अनेकांना ती ऐकू आली नाही. हे मराठी माणसानं उघडपणे म्हटलं पाहिजे, नाहीतर आपल्या मागणीला वजन येणार नाही.

म्हणूनच महाराष्ट्रातले जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर हे तालुके विसरून चालणार नाही. तिथंही कन्नड बोलणाऱ्या आज्ज्या आहेत. त्यांच्या घरातली सूनही कन्नड शाळेत शिकलेली असू शकते, आणि त्यांचा सातबारा मराठीत आहे. बेळगावात मराठी उतारा मागणाऱ्यानं जतमध्ये कन्नड उताऱ्यासाठी सही केली पाहिजे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला. आजारी माणसाला मदत मिळतेय तर ती मिळावी, यात मला शंका नाही. पण महाराष्ट्रानं त्यासोबत आपल्या हद्दीतल्या कन्नड गावांत प्रत्येक तलाठी कार्यालयात कन्नड प्रत द्यायला सुरुवात केली असती, तर बेंगळुरूला उत्तर देणं फार कठीण गेलं असतं. दोन्ही राज्यांत आज संगणकावर उतारे निघतात. नाव, क्षेत्र, पीक, बोजा, हे ठरलेले रकाने दुसऱ्या लिपीत छापायला आज कुठलीही तांत्रिक अडचण नाही, अडचण आहे ती इच्छेची.

आपल्या बाजूनं करण्यासारखं काम मात्र आजच आहे. आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ती टिकली याचा मला फार आनंद आहे. त्या मांडवात एक दुपार म्हाताऱ्या बायांसाठी ठेवा. भाषण करायला त्यांना लावू नका. प्रत्येकीच्या शेजारी लिहिणारी एक कॉलेजातली पोरगी बसवा, मोबाईल चालू ठेवा, आणि घरून ट्रंकेतले कागद घेऊन यायला सांगा. "तुम्हाला कुठल्या राज्यात राहायचंय" हा प्रश्न नको, त्याचं उत्तर त्या आपल्याला बरं वाटावं म्हणून देतील. एकेक कागद हातात घेऊन विचारा: हा कशाचा, हा तुम्हाला कुणी वाचून दाखवला, त्यानं काय सांगितलं, आणि पुढं काय निघालं. शंभर बायांची अशी टिपणं झाली तर सीमाप्रश्नाचा जो भाग आजवर कुठल्याच आयोगासमोर गेला नाही तो हातात येईल. कन्नड शेजारणीही येणार असतील तर त्यांनाही बोलवा. हक्कसोडाचा कागद न वाचता अंगठा दिलेल्या त्यांच्यातही निघतील, आणि भाषा आपली असूनही असं का झालं हे त्या सांगतील, तेही आपल्याला ऐकायला हवं.

घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कुणालाही आपल्या तक्रारीचा अर्ज सरकारकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. आज्जीच्या वतीनं असा एक अर्ज मी मराठीत लिहिला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. ओढ्याकडच्या शेताच्या फेरफाराची मूळ कागदपत्रं मराठी भाषांतरासह मिळावीत, आणि इथून पुढं आमच्या कुठल्याही जमिनीच्या नोंदीत बदल होणार असेल तर त्याची नोटीस कन्नडासोबत मराठीत बजावली जावी. उत्तर आलं तरी, नकार आला तरी, तो कागद लेखी घ्यायचा असं ठरवलं आहे, आणि गावातल्या आणखी काही घरांतून तसेच अर्ज जाणार आहेत.